मनगटावरचा पहारेकरी

मूल शाळेच्या बसमधून उतरलं का, क्लासला पोहोचलं का, या काळजीपोटी अनेक पालक मुलांसाठी फोन करता येणारं स्मार्टवॉच घेतात. ते घेताना काय पाहावं?

पहिली गोष्ट सिमकार्डाची. घड्याळ फोरजी आणि व्होल्टीवर, म्हणजे फोरजीवरूनच कॉल करण्याच्या सोयीवर, चालणारं हवं. केवळ टूजीवर चालणारं घड्याळ जिओसारख्या नेटवर्कवर उपयोगाचं नाही. सिमचा दरमहा खर्चही हिशेबात धरा.

दुसरी गोष्ट ठिकाणाची. जीपीएसला उपग्रहांचे संकेत लागतात, म्हणून मोकळ्या मैदानात ते अचूक असतं. इमारतीत शिरल्यावर मात्र घड्याळ वायफाय आणि मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतं. तो बराच चुकू शकतो. सतत ठिकाण कळवत राहिलं तर बॅटरीही लवकर उतरते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: सुरक्षितता. 2017 साली जर्मनीने मुलांच्या, आजूबाजूचं बोलणं गुपचूप ऐकवणाऱ्या घड्याळांवर बंदी घातली. म्हणून असं चोरून ऐकवण्याची सोय नसलेलं, ओळखीच्याच नंबरांवरून फोन येऊ देणारं, शाळेच्या वेळेत खेळ बंद ठेवणारं आणि नियमित अपडेट मिळणारं घड्याळ निवडा. घड्याळासोबतच्या अ‍ॅपचा पासवर्ड लगेच बदला. शाळेचे नियमही आधी विचारून घ्या.

आणि हो, आईबाबांचा नंबर मुलाला तोंडपाठ हवाच. घड्याळाची बॅटरी संपते, पाठांतराची नाही.