मिरीची रोपे आणि पाठीवरचे तुषार-यंत्र

(देवस्थानच्या वार्षिक आमसभेनंतर महाजनांसमोर केलेले भाषण)



श्रींच्या चरणी मस्तक ठेवून मी बोलावयास उभा राहत आहे. व्याख्यान देणे हा माझा व्यवसाय नव्हे. उभे आयुष्य मी कचेरीत टांचणे लिहिण्यात आणि जावक क्रमांक घालण्यात घालविले. यंत्रविद्येशी माझा संबंध म्हणाल तर विद्यार्थिदशेत लिसेवमध्ये शिकलेले पास्कालचे तत्त्व तेवढे ध्यानात राहिले होते. तरीही आपल्या कुळागरातील मिरीच्या रोपांकरिता जे लहानसे तुषार-यंत्र तयार झाले, त्याची हकीकत सांगण्याची आज्ञा समितीने केली. ती मी आनंदाने मान्य केली. त्या हकीकतीत एक हिशेब चुकता करावयाचा राहून गेला आहे, हेही त्याचे एक कारण आहे. तो शेवटी सांगतो.

देवळामागील कुळागराचे उत्पन्न पूर्वी नंदादीपाला आणि नैवेद्याला पुरून उरत असे, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांस स्मरत असेल. पोफळींवर चढविलेल्या मिरीच्या वेली हा त्या उत्पन्नाचा मोठा भाग होता. मूळकुजीने त्या एकामागून एक गेल्या. नवी लागवड करावयाची तर रोपे घरच्या घरी करणे हिताचे, असे ठरले. माघ-फाल्गुनात चांगल्या वेलीच्या बुडाशी जमिनीलगत धावणाऱ्या फांद्या घेतात, त्यांचे दोन-तीन पेरांचे तुकडे करतात, पाने छाटून देठ तेवढे ठेवतात, आणि माती, रेती व शेणखत भरलेल्या पिशव्यांत ते सावलीला लावतात. पावसाळा सुरू झाला की मुळावलेली रोपे पोफळीच्या बुंध्याशी जातात. कृती सोपी आहे. अडचण आहे ती मधल्या तीन महिन्यांची.

ह्या छाटणीला मुळे नसतात. म्हणून ती जमिनीतून पाणी ओढून घेऊ शकत नाही. उलट तिच्या कोवळ्या अंगातून पाणी सतत उडून जात असते. फाल्गुनात दुपारी कोरडा वारा सुटला म्हणजे ती तासाभरात मान टाकते. ते पाहून आपण झारीने पाणी घालतो. पाणी पिशवीत साचते, मातीतील हवा जाते, आणि ज्या बुरशीने जुन्या वेली मेल्या तिलाच आपण आमंत्रण देतो. ह्या रोपांना मातीत बेताचे पाणी आणि भोवतालच्या हवेत पुष्कळ ओलावा हवा असतो. पाणी देणे आणि ओलावा देणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढी एक बाब ध्यानात घेतली की यंत्र कसे असावे हे आपोआप कळत जाते.

मोठ्या रोपवाटिकांतून छताला नळ्या लावून तुषार सोडतात. आपल्या कुळागरात झरीजवळच्या त्या खालच्या कुणग्यापर्यंत विजेची तार नाही, आणि चारशे पिशव्यांसाठी ती ओढणे परवडणारे नाही. हाताने दांडा मारण्याचा पाठीवरचा पंप आपल्याकडे होता. परंतु एका हाताने दांडा मारीत दुसऱ्या हाताने नळी धरणे हे साठी उलटलेल्या माणसाचे काम नव्हे. म्हणून बॅटरीवर चालणारा, पाठीवर घेता येणारा आणि हातात लांब नळी असलेला फवारा करावा, असे मनात आले.

प्रथम थेंबाचा विचार सांगतो. एक लिटर पाणी एक मिलिमीटर व्यासाच्या थेंबांत विभागले, तर त्या सर्व थेंबांचा पृष्ठभाग मिळून ६ चौरस मीटर होतो. तेच पाणी एक-दशांश मिलिमीटरच्या थेंबांत विभागले तर थेंब होतात सुमारे १९० कोटी, आणि पृष्ठभाग होतो ६० चौरस मीटर. पाणी तेवढेच, हवेशी त्याचा संबंध मात्र दसपट वाढला. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते भोवतालची सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेते. त्यामुळे हवा ओलसर होते आणि थंडही होते. थेंब ह्याहून पुष्कळ बारीक, म्हणजे एक-शतांश मिलिमीटरचा केला, तर तो रोपाला न शिवता वाऱ्याबरोबर निघून जातो. शिवाय तसा थेंब पाडावयास वातावरणाच्या पन्नासपट वा त्याहून अधिक दाब लागतो, आणि तो पाठीवरच्या पंपाचा विषय नव्हे. सुमारे ५ बार दाब आणि बारीक छिद्राचे शंकूसारखा फवारा सोडणारे तोंड एवढ्यावर आपले काम भागते.

आता बॅटरीचा हिशेब. हे तोंड मिनिटाला ०.४ लिटर पाणी सोडते. चारशे पिशव्यांवर एक फेरी पाच मिनिटांत होते. म्हणजे एका फेरीस दोन लिटर. दिवसाच्या चार फेऱ्यांना आठ लिटर आणि एकूण वीस मिनिटे लागतात. झारीने आपण रोज चाळीस लिटर घालीत होतो, हे येथे नमूद करितो. ५ बार दाबाने मिनिटाला ०.४ लिटर पाणी ढकलण्यास प्रत्यक्ष शक्ती लागते सुमारे ३.३ वॅट. मोटार आणि पंप ह्यांतील घट उदार हाताने धरून १२ व्होल्टच्या बॅटरीतून दोन अँपियर जातात असे माना. वीस मिनिटांचे झाले सुमारे ०.६७ अँपियर-तास. तेव्हा ६ अँपियर-तासांची बॅटरी आठवडाभर सहज पुरते. शिशाची बॅटरी ह्या आकाराला सुमारे दोन किलो भरते. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची एक किलोच्या आत बसते आणि अधिक खोलवर वापरली तरी लवकर खराब होत नाही. मात्र तिला तिचाच चार्जर लावावा लागतो. बॅटरी पाण्याच्या पातळीच्या वर बंद डबीत ठेवली आहे आणि धन टोकापाशीच ५ अँपियरचा फ्यूज घातला आहे. बारा व्होल्टने माणसास धक्का बसत नाही. परंतु तारा एकमेकींस चिकटल्या तर आग मात्र लागू शकते.

ह्यानंतर ज्या अडचणी आल्या, त्या पुढे कोणी असे यंत्र केल्यास उपयोगी पडाव्यात म्हणून सांगतो. बाजारातील पंप मिनिटाला तीन लिटर देणारा. आमचे तोंड घेणार त्याच्या सातव्या हिश्श्याहून थोडे. त्यामुळे दाब क्षणात भरे, दाबाची कळ पंप बंद करी, दाब उतरे, पंप पुन्हा सुरू होई. ही धडधड मिनिटाला कित्येक वेळा चाले. मोटारीचा वेग कमी करणारा नियंत्रक बसविला तेव्हा ती थांबली. दुसरी अडचण गाळाची. झरीचे पाणी दिसावयास स्वच्छ, पण त्यात लाल मातीचा बारीक कण असतो. तोंडाच्या छिद्राहून बरीच बारीक जाळी हवी म्हणून १०० मेशची, म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटर छिद्रांची जाळी नळीच्या मुठीत घातली, आणि टाकी भरताना पाणी पंच्यातून गाळण्याचा नेम केला. तिसरी अडचण ठिबकण्याची. खटका सोडल्यावरही नळीतील पाणी मोठ्या थेंबांनी रोपांवर पडे. थेंब अडविणारी लहान झडप अगदी टोकाशी, तोंडाच्या मागेच बसविल्यावर ते बंद झाले.

बंधुभगिनींनो, येथवर सर्व सुरळीत वाटते. आता राहिलेला हिशेब सांगतो.

हे यंत्र पहिल्या प्रथम मी २०२३ च्या फेब्रुवारीत केले. काटकसर करावी म्हणून माझ्या घरी पडून असलेल्या जुन्या फवाऱ्याची सोळा लिटरची टाकी मी घेतली. तिच्यातून पूर्वी तण मारण्याचे टू-फोर-डी हे औषध फवारलेले होते. मी ती तीनदा धुतली आणि स्वच्छ झाली असे मानले. दहा-बारा दिवसांत रोपांचे नवे कोंब पिळवटू लागले, पाने अरुंद होऊन वळली, आणि मार्चअखेर चारशेपैकी तीस-पस्तीस रोपे तेवढी उरली.

समितीच्या बैठकीत कारण विचारले गेले. कुळागर सांभाळणारे वयोवृद्ध गृहस्थ तेथे उभे होते. पाणी अधिक झाले असावे, असे कोणी म्हणाले. ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. खरे म्हणजे त्याआधी दोन दिवस मला शंका आली होती, कारण यंत्र तपासताना मी घरच्या अंगणातील अबोलीवर ते फिरविले होते आणि तिचीही पाने तशीच वळली होती. बैठकीनंतर मी अबोलीची सहा रोपे घेऊन तीनांवर त्या टाकीतील पाणी आणि तीनांवर झारीतील पाणी शिंपडले. आठ दिवसांत निकाल लागला. त्या आठ दिवसांत त्या गृहस्थांनी कुळागरात येणे बंद केले होते.

मी मुखत्यारांस सर्व सांगितले, रोपांचा आणि पिशव्यांचा खर्च भरून दिला, आणि त्यांच्या घरी गेलो. मी चूक कबूल केली. त्यांनी मला बसावयास सांगितले, चहा आणविला, आणि पुष्कळ वेळाने एवढेच विचारले, "बाब, त्या दिवशी का नाही बोलला?" त्यास माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

पुढील वर्षी ते परत आले, ही श्रींची कृपा. २०२४ चे यंत्र निम्मे त्यांचे आहे. कोरी टाकी आणली आणि तीत औषध म्हणून काहीही, कधीही घालावयाचे नाही असे तिच्यावर रंगाने लिहिले. मी पुन्हा सोळा लिटरचीच टाकी घेणार होतो. ते म्हणाले, "फेरीला लागेल तेवढेच पाणी पाठीवर द्या. झर काही पळून जात नाही." त्यांच्या म्हणण्याप्रमाणे लहान टाकी घेऊन तीत तीन लिटर पाणी भरू लागलो, आणि पाठीवरचे ओझे सहा-सात किलोंवर आले. नळी नव्वद सेंटिमीटरची ठेवून तिचे टोक वर वळविले ते त्यांनीच, म्हणजे न वाकता पानांच्या खालच्या अंगाला तुषार पोहोचतात. त्यांची बोटे सांध्यांनी आखडतात, म्हणून खटका दाबून अडकविता येईल असा घेतला. शेवटची फेरी चारच्या आत व्हावी, पाने रात्रभर ओली राहिली तर बुरशी धरते, हा नियमही त्यांचाच. त्यात मी एकाच नियमाची भर घातली: उरलेले पाणी रोज ओतून टाकावे, कारण साचलेल्या कोमट पाण्यात रोगजंतू वाढतात आणि बारीक तुषारांबरोबर फवारणाऱ्याच्या श्वासात जातात. मातीला पाणी लागतेच. ते एक दिवसाआड, बेताने, झारीनेच घालतो.

त्या वर्षी चारशेपैकी तीनशे बारा रोपे जगली आणि जूनमध्ये पोफळींना लागली. वेली धरावयास अजून काही वर्षे जातील. त्यांचे पीक देवाला अर्पण होईल तेव्हा मी असेन वा नसेन.

आता माझी विनंती. मार्च २०२३ च्या त्या बैठकीच्या इतिवृत्तात, कुळागर राखणाराच्या निष्काळजीपणाने रोपे दगावली, अशी एक ओळ आहे. मुखत्यारांनी मोठ्या मनाने विषय तोंडी मिटविला. ती ओळ मात्र बुकात तशीच आहे. मी कारकून होतो. बोललेले विसरले जाते आणि बुकातील राहते, हे माझ्याइतके दुसरे कोण जाणणार? ज्यांनी तीस वर्षे ह्या कुळागराची राखण केली त्यांच्या नातवंडांनी उद्या ते बूक उघडले, तर त्यांना हेच वाचावयास मिळेल. तरी सभेने अनुमती द्यावी आणि त्या ओळीखाली एवढे लिहावे, की रोपे दूषित टाकीमुळे दगावली आणि ती टाकी प्रस्तुत वक्त्याने दिली होती. सही करण्यास मी येथे हजर आहे.