वह्या, वाळवी आणि विकी



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी आम्हांकडून पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील देवळे, तळी, झरी यांच्या नोंदी वह्यांत करून घेतल्या होत्या. पुढे आम्ही त्या संगणकावर उतरविल्या. पण फाँट खासगी होता, युनिकोड नव्हता. आज ती फाइल उघडली की रोमन चिन्हांचा अर्थहीन पसारा दिसतो. वह्या तर वाळवीने केव्हाच खाल्ल्या. दोष सर्वस्वी आमचा. शाळा आता विकी उभारीत आहे. त्यासाठी सॉफ्टवेअर कोणते निवडावे, याविषयी मी बोलणार आहे.

विकी म्हणजे वाचकालाच दुरुस्ती करता येईल असे संकेतस्थळ. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिले विकी सुरू केले. होनोलुलू विमानतळावरील ‘विकी विकी’ बसवरून त्याचे नाव पडले. प्रत्येक फेरफार इतिहासात राहतो आणि बिघडलेले पान पूर्ववत करता येते. केतकरांच्या ज्ञानकोशाला ही सोय कुठली?

मग सारे विकिपीडियावरच का घालू नये? गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोश २०१३ साली मुक्त परवान्याखाली खुला केला आणि २०१५ साली कोंकणी विकिपीडिया सुरू झाला, ही मोठीच गोष्ट. परंतु विकिपीडियाला प्रकाशित आधार लागतो. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा शिवाजी महाराजांनी १६६८ साली केलेला जीर्णोद्धार तेथे शोभेल. वाड्यावरच्या झरीचा उपसा कोणत्या घराकडे असे, ही आजीची आठवण तेथे टिकणार नाही. तिच्यासाठी आपले घर हवे.

विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी समर्थ आहे. ‘पेडणे’, ‘पेडणें’, ‘पेर्नेम’ यांपैकी काहीही लिहिले तरी वाचकाला एकाच पानावर नेण्याची सोय त्यात मुळातच आहे. मात्र त्याला डेटाबेस लागतो आणि तो सांभाळणारा जाणकारही. अशी व्यक्ती शाळेत किती वर्षे राहील? २००४ साली आलेले डोकूविकी प्रत्येक पान साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवते. उद्या सॉफ्टवेअर बंद पडले तरी ती फाइल कोणत्याही संगणकावर वाचता येईल. हाती उरलेल्या त्या निरर्थक चिन्हांकडे पाहिल्यावर माझे मत डोकूविकीच्याच बाजूने पडते.

त्यातही उणे आहे. नावांच्या पर्यायांसाठी वेगळी जोडणी घ्यावी लागते. शिवाय मूळ मांडणीत देवनागरी शीर्षकाचे एकेक चिन्ह फाइलीच्या नावात नऊ रोमन चिन्हांचे होते, त्यामुळे लांबलचक शीर्षक अडते. पहिल्याच दिवशी मांडणीत ‘यूटीएफ-८’ निवडावे. निदान फाइलींची नावे तरी आपल्या लिपीत दिसतील! (हे मी ठेच लागल्यावर शिकलो.)

दर शनिवारी सगळ्या फाइलींची एक प्रत शाळेबाहेर जावी. आणि व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द एकट्या माझ्यापाशी नको. मुख्याध्यापकांच्या कपाटात तो मोहोरबंद लिफाफ्यात असावा; लिफाफा मी आज बरोबर आणला आहे.