जुनी डिझेल गाडी घेताना

जुनी डिझेल गाडी बघायला जाण्याआधी मालकाला एक निरोप द्या: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. इंजिन आधीच गरम असेल, तर थंड इंजिनाची कुरकुर तुमच्यापासून लपवली जात असेल. स्टार्टर फार वेळ फिरवावा लागतो का, धूर कसा येतो, हे थंड इंजिन सुरू करतानाच कळतं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. आता चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करा. आतून जोरात भपकारे आले, तर पिस्टन-रिंगा झिजल्याचा संशय घ्या. ऑइल काळं दिसलं म्हणून मात्र घाबरू नका; डिझेलमध्ये ते लवकरच काळं होतं. खरा खर्च टर्बो आणि इंजेक्टरचा. स्वस्तात मिळालेली गाडी इथेच महाग पडते.

दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, कारण 2015 मध्ये हरित लवादाने तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली. पण तिला तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, महाराष्ट्रात पुन्हा रोड टॅक्सही. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, तेही पाहा. आणि रोजचं जाणं-येणं चार-पाच किलोमीटरचंच असेल, तर डिझेल इंजिन नीट तापतच नाही; सरळ पेट्रोल गाडी घ्या.