लहरी जनतेच्या, सामने कोणाचे?

(नंदुरबार येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गात क्रिकेट कशाला, असे काहींना वाटेल. परंतु अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरातील तरुणाला सामना पाहावयास मिळतो की नाही, हा मालकीचा प्रश्न आहे. आणि मालकीचा प्रश्न आपला नव्हे तर कोणाचा?

एके काळी खेड्यापाड्यांत क्रिकेट पोचले ते आकाशवाणीवरून. बाळ ज. पंडितांच्या धावत्या समालोचनाने इंग्रजी न येणाऱ्यालाही रसिक केले. एका रेडिओभोवती सारी आळी बसे. शिळे का होईना, वृत्तपत्र येई, त्यात वि. वि. करमरकर खेळामागचे राजकारणही उलगडून दाखवीत. त्या काळाचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. माध्यम सरकारी होते आणि सरकारची मर्जी सांभाळून होते.

हिरो चषकाच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारचीही मक्तेदारी नको. अपेक्षा होती स्वायत्त सार्वजनिक नियंत्रणाची. प्रत्यक्षात सरकारची मक्तेदारी गेली आणि थैलीची आली.

२००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे सामने प्रसार भारतीला देणे बंधनकारक झाले, हे खरे. पण २०१७ मध्ये न्यायालयाने ही सवलत दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यापुरती मर्यादित केली. खाजगी केबलवरचा प्रेक्षक वगळला गेला.

आयपीएल तर त्या यादीतच नाही. २०२३ ते २०२७ चे तिचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले: दूरचित्रवाणीचे डिस्ने स्टारकडे, मोबाइलचे मुख्यतः रिलायन्सच्या व्हायाकॉम१८ कडे. दोघांत चुरस होती तोवर मोबाइलवर सामने फुकट दिसले, तेही मराठी समालोचनासह! २०२४ च्या अखेरीस दोन्ही पेढ्या एक झाल्या आणि २०२५ च्या हंगामात वर्गणीची किंवा ठरावीक रिचार्जची अट आली. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही यात नवल वाटू नये.

ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, तेथील शेतमजुराच्या मुलाला हा रिचार्ज म्हणजे मजुरीतला कापलेला हिस्सा. तालुका बैठकांत ठराव करावेत ते दोन गोष्टींचे: मोफत प्रक्षेपणाची यादी वाढवून ते केबलवरही खुले करावे, आणि आकाशवाणीने मराठीबरोबर भिली-पावरीतूनही समालोचन सुरू करावे.