मालकी सभासदांची, पण दाद कोणाला?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



रॉचडेल हे नाव ठाऊक नाही असा सहकारी चळवळीतील कार्यकर्ता विरळाच. उत्तर इंग्लंडमधील या गिरणगावात २१ डिसेंबर १८४४ रोजी २८ जणांनी टोड लेन नावाच्या गल्लीत एक लहानसे दुकान उघडले. त्यांत विणकरांचा भरणा होता. लोणी, साखर, पीठ असा मोजकाच माल त्यांनी ठेवला. परंतु तो निर्भेळ असे, माप पुरे असे आणि कारभारात प्रत्येक सभासदाला एकच मत असे. दुकानाची ही कथा वारंवार सांगितली जाते. सभासदांसाठी घरे उभारणे हेही त्या मंडळींच्या लिखित उद्दिष्टांपैकी एक होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

त्याच रॉचडेलमध्ये २१ डिसेंबर २०२० रोजी अवाब इशाक नावाचे बालक मरण पावले. आठच दिवसांपूर्वी त्याला दोन वर्षे पूर्ण झाली होती. मृत्यूची न्यायालयीन चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये निष्कर्ष दिला, की घरातील बुरशीच्या दीर्घ संसर्गामुळे त्याला श्वसनाचा गंभीर विकार जडला व त्यातच त्याचा अंत झाला. घर एका शयनखोलीचे होते आणि हवा खेळती राहण्याची पुरेशी व्यवस्था त्यात नव्हती. सुदानमधून आलेल्या पित्याने २०१७ सालीच बुरशीची तक्रार केली होती. त्यावर रंग फासा, असे उत्तर त्याला मिळाले. जुलै २०२० मध्ये आरोग्यसेविकेनेही घरमालक संस्थेला पत्र लिहिले. दरम्यान कुटुंबाने वकिलामार्फत दावा केला होता. आणि वकिलांमध्ये समझोता झाल्यावाचून दुरुस्तीला हात लावायचा नाही, अशी संस्थेची कार्यपद्धती होती.

हा घरमालक कोणी नफेखोर बिल्डर असता, तर विवेचन सोपे झाले असते. परंतु 'रॉचडेल बरोवाइड हाउसिंग' ही संस्था भाडेकरू आणि कर्मचारी यांच्या संयुक्त मालकीची होती. नगरपालिकेची घरे २०१२ साली तिच्याकडे आली आणि २०१३ पासून तिने हे सभासदत्वाचे स्वरूप धारण केले. ब्रिटनमधील या प्रकारची ही पहिली मोठी संस्था म्हणून तिचा गौरव झाला. घरांची संख्या १२ हजारांहून अधिक होती. भाडेकरू व कर्मचारी यांनी निवडलेले प्रतिनिधी मंडळही होते. समाजवाद्यांनी ज्या रचनेचा आग्रह धरावा, तिचा सांगाडा येथे जवळजवळ पूर्ण होता.

खासगी भांडवलाच्या हाती निवारा आणि शुश्रूषा सोपविल्यास काय होते, याचा दाखला त्याच देशात आहे. 'सदर्न क्रॉस' ही ब्रिटनमधील वृद्धनिवास चालविणारी सर्वांत मोठी कंपनी होती. तिच्याकडे सुमारे ७५० निवास आणि सुमारे ३१ हजार रहिवासी होते. इमारती विकून त्याच पुन्हा भाड्याने घ्यायच्या व आलेल्या पैशावर विस्तार करायचा, हा मार्ग तिने पत्करला. करारानुसार भाडे वर्षागणिक वाढत गेले. पालिकांकडून मिळणारे शुल्क मात्र आक्रसले. २०११ साली कंपनी कोसळली. तिच्या समभागांवर कोणी किती कमावले, याचा हिशेब अर्थशास्त्रज्ञ मांडू शकतात. परंतु उद्या आपल्याला याच खोलीत राहू देतील काय, या विवंचनेत वृद्धांनी जे महिने काढले त्यांचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात आला नाही. तेथे दोष मालकीच्या स्वरूपातच होता.

मग रॉचडेलमध्ये काय बिघडले? खासगी मालकी घातक, हे सदर्न क्रॉसने सिद्ध केले. सामुदायिक मालकी पुरेशी नाही, हे रॉचडेलने सिद्ध केले. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. पहिल्याचा जयघोष करताना दुसऱ्याकडे डोळेझाक करणे चळवळीला परवडणारे नाही.

घरांविषयीच्या तक्रारींची दाद घेणाऱ्या ब्रिटिश लोकपालाने मार्च २०२३ मध्ये या संस्थेवर विशेष अहवाल प्रसिद्ध केला. रहिवाशांना, त्यातही निर्वासित आणि आश्रयार्थी यांना, परके लेखण्याची वृत्ती तेथे आढळली. त्याआधीच संस्थेने जाहीरपणे मान्य केले होते, की या कुटुंबाच्या राहणीविषयी आपण गृहीतके बांधली होती. ओल भिंतीत नव्हे, रहिवाशाच्या सवयींत आहे, असे एकदा ठरले की तक्रारदारच आरोपी होतो. त्याचे सभासदत्व कागदावर शाबूत राहते; त्याच्या शब्दाचे वजन मात्र उरत नाही.

कामाच्या ठिकाणच्या समावेशकतेचा प्रश्न येथे उपस्थित होतो. कचेरीत सर्व वंशांची व धर्मांची माणसे नेमली, धोरणपत्रक भिंतीवर लावले, म्हणजे समावेश झाला असे नव्हे. घरात शिरून भिंत डोळ्यांनी पाहणारा कर्मचारी संस्थेच्या उतरंडीत सर्वांत खाली असतो. नियम वकिलांचा, अंदाजपत्रक हिशेबनिसाचे आणि डोळे मात्र त्याचे. 'ही भिंत आजच दुरुस्त झाली पाहिजे' असे म्हणण्याचा अधिकार त्याला नसेल, तर प्रतिनिधी मंडळात त्याच्या वर्गाचे चार सदस्य बसले काय आणि न बसले काय, भाडेकरूच्या पदरी सारखेच पडते.

कारभाराचा कस पुढेही लागला. निष्कर्ष जाहीर झाल्यावर संचालक मंडळाने मुख्य अधिकाऱ्यावर विश्वास व्यक्त केला. जनक्षोभ उसळल्यावर काही दिवसांतच त्याला दूर केले. म्हणजे मालक असलेल्या सभासदांचे गाऱ्हाणे मंडळाला तीन वर्षांत ऐकू आले नाही, वृत्तपत्रांचा आवाज आठवड्यात ऐकू आला. पुढे २०२३ साली इंग्लंडमध्ये सामाजिक गृहनिवासाच्या नियमनाचा कायदा झाला. त्यातील मुदतीचे कलम त्या बालकाच्या नावाने ओळखले जाते. २७ ऑक्टोबर २०२५ पासून तातडीचा धोका २४ तासांत दूर करणे, आणि ओल व बुरशीच्या गंभीर तक्रारीची १० कामाच्या दिवसांत तपासणी करून पुढील ५ दिवसांत घर सुरक्षित करणे, हे सामाजिक घरमालकांवर बंधनकारक झाले. संस्थेने आपखुशीने पाळायला हवे होते, ते कायद्याला घड्याळ लावून पाळायला लावावे लागले.

शाश्वततेचा अर्थही यातून उलगडतो. नवी घरे किती बांधली, ऊर्जा किती वाचविली, ही मोजमापे आवश्यक आहेत. परंतु जुन्या घराच्या देखभालीचा पैसा मागे ठेवून नव्या घराची कोनशिला बसविणारी संस्था पुढच्या पिढीच्या नावावर कर्ज काढीत असते. घर टिकते ते डागडुजीने, आणि संस्था टिकते ती तक्रारीची वेळीच दखल घेतल्याने.

रॉचडेलची तत्त्वे महाराष्ट्राने आपली मानली. धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला. त्याचा इतिहास अभिमानास्पद आहे. पण कारखान्याचा सभासद ऊसउत्पादक आहे. ऊसतोड कामगार नाही. तो मुकादमाकडून उचल घेऊन येतो, हंगामभर कोपीत राहतो, आणि त्या कोपीच्या पाण्याचा, उजेडाचा, शौचकूपाचा प्रश्न वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर क्वचितच येतो. रॉचडेलचा भाडेकरू निदान कागदावर तरी मालक होता. कोपीतील बाईला तेवढाही कागद नाही.

म्हणून वसतिगृहे, वृद्धाश्रम, गृहनिर्माण संस्था चालविणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपल्या संस्थेला तीन प्रश्न विचारावेत. शेवटच्या रहिवाशाच्या तक्रारीला लेखी उत्तर किती दिवसांत मिळते? झाडलोट, शुश्रूषा व दुरुस्ती करणाऱ्या माणसाने दिलेल्या धोक्याच्या सूचनेवर निर्णय कोण घेतो? देखभालीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम गेल्या वर्षी प्रत्यक्ष कोठे खर्च झाली? ही उत्तरे सभासदांच्या सभेत वाचून दाखविण्याची प्रथा पडली पाहिजे. उत्तरे अडचणीची निघाली तर प्रथा मोडू नये, कारभार सुधारावा.