साथीला कोण होतं?

(उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘जगातले अपरिचित कलावंत’. तासाभरात सगळी पृथ्वी फिरवून आणावी अशी अपेक्षा असणार. मी तसं करणार नाही. मी एकाच देशात जाणार आहे आणि एकच हट्ट धरणार आहे. नवा कलावंत शोधायचा तर कुणाकडे यादी मागू नये. आवडलेल्या तबकडीचं वेष्टण उलटावं आणि गायकाच्या नावाखाली बारीक टायपात छापलेली नावं वाचावीत. ऑर्गनवर कोण होतं? सॅक्सोफोन कुणी वाजवला? संयोजन कुणाचं? त्यातलं एक नाव धरायचं आणि ते नेईल तिकडे जायचं. गाणाऱ्याला जग कधी ना कधी शोधून काढतं. साथीदाराला आपणच शोधावं लागतं.

देश आहे इथिओपिया. सम्राट हैले सेलासी, १९७४ ची लष्करी क्रांती, पुढची ‘देर्ग’ राजवट, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. गाण्याकडे येतो. तबकड्या काढण्याचा मक्ता सरकारनं एका नाट्यसंस्थेला दिलेला होता. १९६९ मध्ये अम्हा एशेते नावाच्या तरुणानं तो मक्ता धुडकावला आणि ‘अम्हा रेकॉर्ड्स’ सुरू केली. अदिस अबाबात तबकड्या छापण्याची सोय कुठली? त्याच्या सुरुवातीच्या तबकड्या छापून आल्या भारतातून! (सभागृहात कुजबुज) होय, आपल्याच देशातून. इथे कुणी त्या ऐकल्या नाहीत, एवढंच.

ऐकल्या असत्या तर परक्या वाटल्या नसत्या. हे स्वर ओळखा. (वक्ते गुणगुणतात. मागच्या रांगेतून ‘भूप!’) शाबास. सा रे ग प ध. तिकडे याला तिझिता म्हणतात. आणि हे? (‘धानी!’) ही त्यांची बाती, तिच्या कोमल रूपात. अंबासेल म्हणून एक आहे, त्यात आपल्या गुणकलीचे पाचही स्वर सापडतात. चलन निराळं, ठेका निराळा, गळ्याची फिरत तर फारच निराळी. आपला भूप तिथे शोधायला गेलात तर निराश व्हाल. पण पहिल्या ऐकण्यात कान बिचकत नाही.

आता अम्हाचा पहिला मोठा गायक अलेमायेहू एशेते. त्याच्या तबकड्यांवर संयोजक म्हणून एक नाव वारंवार येतं, गिर्मा बेयेने. पियानोवादक. स्वतः गायलेली गाणी बोटांवर मोजण्याइतकी, पण दुसऱ्यांच्या गाण्यांची संयोजनं कितीतरी. गिर्माच्या मागे गेलं की आपण ‘वालियास’ या वाद्यवृंदाशी पोचतो, आणि तिथे ऑर्गनवर बसलेला असतो हैलू मर्गिया. याच्याबद्दल दोन मिनिटं बोलतो.

वालियास अदिस अबाबाच्या हिल्टन हॉटेलात वाजवायचे. देर्गच्या काळात रात्री संचारबंदी असे. एकदा आत आलेल्या माणसाला घरी जाता येत नसे, म्हणून पाहुणे पहाटेपर्यंत आत आणि वाद्यवृंदही पहाटेपर्यंत वाजवतोय. रात्रभर वाजवायचं म्हणजे वादकाच्या बोटांना केवढी तयारी हवी, हे इथल्या तबलजींना विचारा. १९७७ मध्ये ‘चे बेलेव’ ही त्यांची केवळ वाद्यसंगीताची तबकडी आली. गायक नाहीच. साथीदारच मुख्य झाले! १९८१ मध्ये वालियास अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले आणि त्यातले काही जण परतलेच नाहीत. हैलू वॉशिंग्टनला राहिला. १९८५ मध्ये त्यानं एकट्यानं एक कॅसेट केली. हातात तरुणपणी शिकलेला अकॉर्डियन, ठेक्याला ड्रम मशीन, वर सिंथेसायझरचे थर. जुन्या गावाकडच्या चाली आणि यंत्राचा ठेका. अकॉर्डियनचा भाता जिथे श्वास घेतो, तिथे यंत्र थांबत नाही, आणि त्या ओढाताणीतून जे गोड दुखणं उमटतं ते मी इतरत्र ऐकलेलं नाही.

पुढे हा माणूस टॅक्सी चालवू लागला. वॉशिंग्टनच्या डलस विमानतळावर. गाडीत छोटा कीबोर्ड ठेवायचा, आणि रांगेत गिऱ्हाईक येईपर्यंत मागच्या सीटवर बसून रियाज करायचा. (एक श्रोते : ‘मीटर चालू ठेवून?’ हशा) नाही हो, गाडी रिकामी असताना! ती जुनी कॅसेट ब्रायन शिमकोविट्झ या अमेरिकन तरुणाला इथिओपियात मिळाली. त्यानं हैलूला शोधून काढलं, २०१३ मध्ये ती पुन्हा प्रकाशित केली आणि नफा कलावंताबरोबर निम्मा वाटून घेतला. हे महत्त्वाचं आहे. ‘शोधलं’ म्हणणारे पुष्कळ असतात, पैसे पोचवणारे थोडे. हैलू पुन्हा रंगमंचावर आला आणि २०१८ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, त्यानं ‘लाला बेलू’ हा नवा संग्रह दिला.

(पुढच्या रांगेतून : ‘आपल्याकडचे कलावंत उपेक्षित असताना अदिस अबाबाला कशाला जायचं?’)

प्रश्न रास्त आहे, पण त्यातली विभागणी मला मान्य नाही. तिकडे गेल्यावरच इकडचं दिसायला लागतं. चरणजित सिंग हे नाव किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. दोन. मुंबईच्या सिनेसंगीतात ते साथीदार म्हणून वर्षानुवर्षं वाजवत होते. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. ललत, मधुवंती, मालकंस. एचएमव्हीनं तबकडी काढली, ती फारशी खपली नाही. २००२ मध्ये एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली, २०१० मध्ये पुन्हा निघाली, आणि शिकागोत जन्मलेल्या ‘अ‍ॅसिड हाउस’ संगीताच्या काही वर्षं आधीच मुंबईत कुणी तसं वाजवत होतं, हे पाहून युरोपातले जाणकार थक्क झाले. २०१५ मध्ये ते मुंबईतच गेले. आपल्या माणसाचं नाव आपल्याला परक्यानं सांगावं लागलं. उपेक्षा तिकडे जाण्यानं होत नाही हो, नाव न वाचण्यानं होते!

(टाळ्या. व्यासपीठावर चिठ्ठी येते.)

पाच मिनिटं उरलीत म्हणे. मग पियानो वाजवणारी इथिओपियन संन्यासिनी एमाहॉय त्सेगे-मरियम, योद्ध्यांच्या ललकाऱ्या सॅक्सोफोनवर आणणारा गेताचेव मेकुरिया, यांची फक्त नावं घेतो. घरी जाऊन ऐका. आणि गिर्मा बेयेनेला विसरू नका. २०१७ मध्ये ‘अकाले वुबे’ या फ्रेंच वाद्यवृंदाबरोबर त्याचा संग्रह आला. वेष्टणावर त्याचं नाव पहिलं आहे.

मोबाइलवर गाणं लावलं की गायकाचं नाव आणि चित्र दिसतं, साथीदार सहसा दिसत नाहीत. म्हणून घरातल्या कॅसेटी भंगारात देण्याआधी आतल्या कागदावरची नावं वहीत उतरवून घ्या. आणि आपल्या गावातली जी मंडळी दिवाळी पहाट करतात, त्यांना हात जोडून विनंती : या वर्षीच्या पत्रिकेवर तबला, पेटी, टाळ आणि तानपुऱ्यावर बसणाऱ्यांची नावं गायकाइतक्याच मोठ्या अक्षरांत छापा.