मधले मोकळे दिवस



१९२९ च्या मार्च महिन्यात धोंडो केशव कर्वे विलायतेला निघाले. वयाची एकाहत्तर वर्षं पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. १९१६ साली काढलेल्या महिला विद्यापीठाची माहिती जगाला द्यायची आणि जमेल तिथे निधी मिळवायचा, हे काम. आधी इंग्लंड. तिथे माल्व्हर्नला प्राथमिक शिक्षकांची परिषद होती आणि लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये व्याख्यान. २५ जुलै ते ४ ऑगस्ट जिनिव्हाची शिक्षण परिषद. ८ ते २१ ऑगस्ट डेन्मार्कमधल्या एल्सिनोरला दुसरी परिषद. त्यानंतर काही महिने अमेरिका, गावोगाव व्याख्यानं. मग पॅसिफिक ओलांडून जपान. टोकियोचं महिला विद्यापीठ त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं, कारण त्याच विद्यापीठाचं माहितीपत्रक हाती पडल्यावर त्यांच्या मनातल्या कल्पनेनं आकार घेतला होता. एप्रिल १९३० मध्ये ते परत आले.

अण्णासाहेब कर्व्यांच्या शिक्षणकार्याबद्दल आपण पुष्कळ ऐकलेलं आहे. मी आज त्यांच्या या फेरीकडे फक्त प्रवासाचा आराखडा म्हणून पाहणार आहे. बरीच वर्षं मी विमानतिकिटांच्या कामात काढली आणि अजूनही इंदुरातली ओळखीची माणसं परदेशचा बेत घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना मी हीच फेरी सांगते.

नकाशावर बोट ठेवून बघा. मुंबई, इंग्लंड, स्वित्झर्लंड, डेन्मार्क, अमेरिका, जपान आणि पुन्हा हिंदुस्थान. पश्चिमेकडे निघाले ते एकंदरीत पश्चिमेकडेच जात राहिले आणि पृथ्वीला वळसा घालून पूर्वेकडून घरी आले. दोन परिषदांच्या तारखा दुसऱ्यांनी ठरवलेल्या, त्या हलणाऱ्या नव्हत्या; बाकी सगळं त्यांच्या अवतीभवती बसवलेलं. आणि मला सर्वांत आवडतात ते ४ ऑगस्ट ते ८ ऑगस्टमधले दिवस. जिनिव्हाहून एल्सिनोरला जायचं म्हणजे तेव्हा आगगाडीनं अख्खी जर्मनी ओलांडून पुढे बोट. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तेवढे दिवस लागणारच, आणि त्यांच्या वेळापत्रकात तेवढे होते. आफ्रिका या फेरीत नव्हती. तिच्यासाठी ते डिसेंबर १९३० मध्ये वेगळे निघाले आणि मोंबासापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत पंधरा महिने फिरले.

आता आपल्या गावात येऊ. रामबागेतले एक काका-काकू अलीकडे वहीचं पान घेऊन आले. दोघंही निवृत्त, प्रकृती बऱ्यापैकी. मुलगी म्युनिकला, मुलगा न्यू जर्सीत, पुतण्या लंडनला. नातीचं बारसं म्युनिकला, हॉल घेऊन झालेला, शनिवार पक्का. पानावर काकांच्या सुवाच्य अक्षरात मुक्काम लिहिलेले: लंडन, पॅरिस, झुरिक, रोम, म्युनिक, पुन्हा लंडन, न्यू जर्सी, नायगारा, वॉशिंग्टन, सॅन फ्रान्सिस्को, आणि परतताना नातीला आणखी एकदा बघायला म्युनिक. तीस दिवसांत अकरा मुक्काम. म्युनिकला पोचायचं शुक्रवारी रात्री, बारसं दुसऱ्या दिवशी सकाळी.

‘एवढ्या लांब जायचं तर सगळं बघून घेऊ, ताई. पुन्हा जाणं होतंय कुठे?’ असं काकू म्हणाल्या. मला ते बोलणं अगदी कळतं. आयुष्यभराच्या बचतीतून केलेला हा प्रवास असतो, मुलांनी त्यासाठी रजा काढलेल्या असतात. म्हणूनच त्यातले दिवस स्टेशनांवर आणि विमानतळांच्या रांगांत जाऊ नयेत असं मला कळकळीनं वाटतं.

मी पानावरची एकच ओळ घेतली: ‘लंडन ते पॅरिस, युरोस्टार, सव्वादोन तास.’ खरंच, गाडी साधारण तेवढाच वेळ घेते. पण सकाळी नऊला पुतण्याचं घर सोडायचं, दहाच्या सुमाराला सेंट पँक्रस स्टेशन गाठायचं, कारण तिथे सामानाची तपासणी होते आणि पासपोर्टचीही. साडेअकराची गाडी धरली तर पॅरिसला उतरेपर्यंत तिथल्या घड्याळात पावणेतीन-तीन वाजलेले असतात, कारण पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे आहे. मग सामान ओढत हॉटेल, खोली, चहा. पाच वाजले. सव्वादोन तासांच्या ओळीनं अख्खा दिवस घेतला. दुसऱ्या दिवशी पानावर लूव्र संग्रहालय होतं, तो मंगळवार, आणि मंगळवारी लूव्र बंद असतं.

म्हणून माझा हिशेब साधा आहे. गाव बदललं की तो दिवस प्रवासाच्या खात्यात टाकायचा. मग उरलेले दिवस मोजायचे. काकांच्या पानावर तसं मोजलं तेव्हा रोममध्ये बघायला दीड दिवस उरला आणि सॅन फ्रान्सिस्कोत एक. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को विमानानं सहा तास, वर घड्याळात तीन तासांचा फरक. इतकं करून एक दिवस!

व्हिसाचा भाग जरा नीट ऐका, कारण मुक्कामांचा क्रम तिथे पैशांत आणि वेळेत मोजला जातो. फ्रान्स, जर्मनी, इटली, स्वित्झर्लंड हे सगळे शेंगेन देश, त्यांना एक व्हिसा चालतो. ब्रिटन त्यात नाही, आयर्लंडही नाही. काकांच्या बेतात अमेरिकेहून पुन्हा म्युनिकला यायचं होतं, म्हणजे शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश. हातात एकाच प्रवेशाचा व्हिसा असता तर सॅन फ्रान्सिस्कोच्या काउंटरवरच अडले असते. पॅरिस आणि रोमच्या मध्ये लंडन घालणाऱ्यांचंही हेच होतं. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा तेही मुक्कामांवर ठरतं: जिथे सर्वांत जास्त दिवस, तो देश, दिवस सारखे असतील तर जिथून पहिल्यांदा शिरणार, तो. काकांनी सगळीकडे जवळपास सारखे दिवस वाटले होते, पण म्युनिक दोनदा असल्यामुळे अर्ज जर्मनीकडे करावा लागला असता.

निर्णय होईपर्यंत पासपोर्ट बहुधा त्या त्या कचेरीकडेच राहतो. तीन व्हिसा म्हणजे पासपोर्टच्या तीन खेपा, एकामागून एक. म्हणून आधी अमेरिका. मुलाखतीची तारीख मिळायला तिथेच सगळ्यांत जास्त थांबावं लागू शकतं, आणि आपल्याला तो व्हिसा साधारणपणे दहा वर्षांचा मिळतो, तेव्हा लवकर काढून काही बिघडत नाही. मध्य प्रदेश मुंबईच्या अमेरिकन वकिलातीच्या हद्दीत येतो, तेव्हा अवंतिका एक्सप्रेसची एक रात्र धरून ठेवा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही, आणि पंधरा दिवसांच्या आत आला तर उशीर झालेला असतो. ब्रिटनचा अर्ज तीन महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही. शेंगेनला किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अमेरिकेसाठी विम्याची सक्ती नाही, पण तिथला दवाखान्याचा खर्च बघता विम्याशिवाय पाऊल टाकू नये. आणि काकांसारखा रक्तदाब असेल तर जुन्या आजाराचा खर्च त्यात धरला आहे का, हे लेखी विचारावं.

ज्यांच्या बेतात केनिया आहे त्यांनी पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी. तिकडून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि दाखला नसेल तर विलगीकरणात ठेवतात.

आपल्या इंदूरचा प्रश्न थोडा निराळा आहे. २०१९ च्या जुलैत इथून दुबईला थेट विमान सुरू झालं, शहराचं पहिलं आंतरराष्ट्रीय उड्डाण, आणि त्या दिवसाचा आनंद मला अजून आठवतो. पण युरोप-अमेरिकेला जाताना बहुतेकांना मुंबई किंवा दिल्ली गाठावीच लागते. हा पहिला टप्पा लोक हिशेबातच धरत नाहीत. इंदूर-मुंबई तिकीट वेगळं काढलं आणि ते विमान चार तास उशिरा सुटलं, तर पुढचं विमान चुकल्याची जबाबदारी कोणाचीच नसते, तुमचीच असते. एकाच तिकिटावर सगळे टप्पे असतील तर विमान कंपनीला पुढची सोय करावी लागते, आणि सामानही बहुधा थेट शेवटच्या गावाला जातं. वेगळंच तिकीट काढायचं असेल तर मुंबईला आदल्या दिवशी पोचा. जुलैतली मुंबई आणि जानेवारीतली दिल्ली, पहिलीचा पाऊस आणि दुसरीचं धुकं कोणाची वाट पाहत नाही.

‘जाऊन-येऊन तिकीट स्वस्त’ या समजापायी काका म्युनिकहून पुन्हा लंडनला जाणार होते. एका गावी उतरून दुसऱ्याच गावाहून परतायचं तिकीटही निघतं. संकेतस्थळांवर ‘मल्टि-सिटी’ हा पर्याय असतो. तो दाबून बघितला की उलटं जाण्याचा रेल्वेखर्च आणि दिवस दोन्ही वाचतात.

आम्ही तिघांनी पान नव्यानं लिहिलं. मुंबईहून सरळ म्युनिक, बारशाच्या चार दिवस आधी, कारण उतरल्यावर झोप जुळायला तेवढे दिवस हवेतच. तिथे एकूण दहा दिवस. मग आगगाडीनं पॅरिस, चार. पॅरिसहून लंडन, चार. या दिशेनं घड्याळ एक तास परत देतं. लंडनहून न्यू जर्सी, बारा. नायगारा मुलाच्या शनिवार-रविवारी, त्याच्याच गाडीनं. वॉशिंग्टन दोन दिवसांचं, सामान मुलाच्या घरी ठेवून. तिथून सरळ मुंबई. झुरिक, रोम आणि सॅन फ्रान्सिस्को गेले. काकूंना रोमचं वाईट वाटलं. मी त्यांना कर्व्यांची आफ्रिका सांगितली, तेव्हा त्यांनी रोम स्वतःच्या हातानं खोडलं आणि खाली लिहिलं: ‘पुढच्या खेपेला, नात चालायला लागली की.’

एक गोष्ट राहिली होती. परतल्यावर तिसऱ्या दिवशी भाच्याचं लग्न, इथेच इंदुरात. अमेरिकेहून पूर्वेकडे येताना घड्याळ साडेनऊ-साडेदहा तासांनी पुढे सरकतं आणि पश्चिमेकडे जाण्यापेक्षा हे शरीराला जड जातं. बोटीनं जाणाऱ्या कर्व्यांचं घड्याळ रोज थोडं थोडं सरकत होतं. आपलं एका रात्रीत सरकतं. लग्नात काका उभे राहणार होते आणि मंडपातच डोळे मिटले असते. न्यू जर्सीतले दोन दिवस कमी करायला काकू तयार होईनात, तेव्हा म्युनिकचा एक आणि पॅरिसचा एक काढला. आता घरी पोचल्यावर पाचव्या दिवशी लग्न आहे.

तिकीट अजून काढलेलं नाही. मुंबईच्या मुलाखतीची तारीख हाती येऊन तो व्हिसा मिळेपर्यंत परत न मिळणारे पैसे कुठेच भरायचे नाहीत, असं ठरलं आहे. काका रोज सकाळी पोहे खाऊन झाले की तारखा बघायला बसतात.